खांबावरच्या आवाजाला घर देता येत नाही

मी, गॅसच्या व्हॉल्व्ह स्टेशनाला लागून राहणारी विधवा, पोटी मूल नाही, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला. काळीज मात्र फार दिवस साथ देणार नाही म्हणाल्या, म्हणून घाई. कोणी दटावून किंवा गोड बोलून हे लिहवून घेतलेलं नाही. गोड बोलायला इथे येतंय कोण?

१. माझा नवरा पाइपलाइनवर पायी गस्त घालायचा. गळती हुंगत हिंडायचा. ड्रोन आले तेव्हा माझे दीर दात काढून म्हणाले, "वहिनी, दादाचं काम आता खेळण्यातलं विमान करतंय." दिरांना दादाचे बूट द्यावेत. पाय मावणार नाही, तरी द्यावेत. बाकी कशावर त्यांनी हक्क सांगू नये.

२. नवऱ्याचा मोठा पाना ड्रोन उडवणाऱ्या तंत्रज्ञाला. त्याचं विमान माझ्या छपरावर आदळलं, तर स्वतः वर चढून पत्रा बसवून गेला.

३. अंगणातला खांब कंपनीचा आहे. त्यावर कॅमेरा, माइक आणि भोंगा. आपल्याला न दिसणारा गॅस त्या कॅमेऱ्याला धुरासारखा दिसतो म्हणे. नवरा गेल्यावर एकदा रागाने मी त्या कॅमेऱ्यावर चादर टाकली. भोंगा खेकसला, "बाई, चादर काढा!"

"का?"

"मला काही दिसत नाही."

"मला तरी कोण दिसतंय?"

कंट्रोल रूममधला ऑपरेटर होता. हसला मेला. मग मी रोज चादर टाकायची, तो रोज ओरडायचा. "आज निळी वाटतं? जेवलात का?" दिवसभरात माझ्याशी बोलणारा तेवढाच.

पुढे कंट्रोल रूममधली माणसं कमी केली, पडदे कॉम्प्युटरच बघायला लागला. मी चादर टाकली. खांब गप्प. दुसरी टाकली. गप्पच. तंत्रज्ञ म्हणाला, "काकू, मशीन शिकलंय. वरून ड्रोन बघतो, आणि तुमची चादर रोजचीच. त्यात धोका नाही, म्हणून ते कोणाला कळवतच नाही." म्हणजे मी अंगणात मरून पडले, तरी रोजचंच धरेल.

४. घर. एका बाजूला स्टेशनचं कुंपण, एका बाजूला रस्ता, उरलेल्या दोन बाजूंना कोणी नाही. हे घर त्या आवाजाला द्यायचं मी ठरवलं होतं. वकील म्हणाले, "बाई, आवाजाच्या नावावर घर कसं करणार?" मग तंत्रज्ञाने त्या ऑपरेटरला शोधून काढलं. नोकरी गेल्यापासून घरीच बसून होता. वकिलांनी पुन्हा खोडा घातला. "त्यांना घर द्या, नाहीतर साक्षीला बसवा. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही."

मी विचार केला. घर दिलं, तर तो मी मेल्यावर येणार, कुलूप उघडायला. साक्षीदार केला, तर आत्ता येणार.

घर माझ्या भाचीला. ती विकेल. खुशाल विकू दे.

५. हे लिहिताना साक्षीदार समोर बसलाय. आवाज केवढा, माणूस एवढासा. म्हटलं, "तुमच्या आवाजाला मिशा होत्या, त्या कुठे गेल्या?" तो म्हणाला, "पडद्यावर तुम्ही फार ठेंगण्या दिसायचात, बाई." मग खांबाकडे बघत राहिला. चहा गार केला.

जाताना निळी चादर मिळेल का, असं विचारतोय. कायद्याने देता येत नाही. म्हणून सही करायच्या आधीच, मी जिवंत असताना, ती त्याच्या पिशवीत कोंबली आहे. ती या मिळकतीत धरू नये.

लिहून ठेवणार: (सही) अक्षर वाकडं आहे, माझंच आहे.

साक्षीदार: कंट्रोल रूमचा माजी ऑपरेटर (सही)
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: माझं घर, खांबाच्या समोर.
दिनांक: तो आला तो दिवस. आकडा वकिलांनी शिक्क्याशेजारी घातला आहे.