रेघेखालचं मोठ्यानं वाचू नको

नागपूर, दवाखाना
दिवाळीनंतरचा सोमवार, २००६

चि. उज्ज्वला,

बाचे तुले आशीर्वाद. नेहमीसारखं हे पत्र अंगणात सगळ्याइले वाचून दाखवजो. मी बरा हाओ. गोळ्याइनं पायाचा ठणका उतरला, झोप येते. जखम महारोगाची नाही, कोणाले लागतही नाही. माही येगळी ठेवलेली थाली सगळ्याइच्या थाल्याइत ठेवजा. कापूस येचून झाला का? गाय व्याली का?

———

रेघेखालचं मोठ्यानं वाचू नको. फक्त तुह्या मायले, याडीले सांगजो.

डॉक्टरीणबाईनं पाय पाहला आन् रक्ताचंच इचारलं. थकवा कधीपासून हाये, ताप येते का. अशी जखम कधी कधी रक्ताच्या बिमारीनं होते म्हणे. रक्तात खराबी निघाली. कोणती, ते उद्या कमरेच्या हाडातून मगज काढल्यावर समजन. रक्तासाठी हाताले सुई टोचली, तिथंही तसाच फोड उठला. म्हणून उद्याच्या सुईचा मले धाक वाटते.

अजून एक. ही जखम खरडली का वाढते म्हणे. तुहा भारतकाका रोज सकाळी कडुनिंबाच्या पाण्यानं काळी चामडी खरडून काढे. मी दात दाबून बसो, आन् डोयाले पाणी त्याच्या राहे.

तो इचारन, जखम एवढी कायनं वाढली. सांगजो, कापसाच्या पऱ्हाटीची काडी लागली होती, तिच्यानं.

याडीले जप.

तुहा बा,
खेमसिंग