पिशवी खुंटीवर न आल्यास

मी, मधुसूदन केशवराव देशकर, वय चौऱ्याहत्तर, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूमापक, राहणार हुडकेश्वर, नागपूर, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी हात न धरता हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझा मुलगा पुष्कर याचे मत वेगळे आहे. ते येथे नोंदवतो, मानत नाही. यापूर्वी लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. हुडकेश्वरचे घर, गच्ची व कूलरसह, माझ्यामागे पुष्कर आणि सून गार्गी यांचे. त्याची अट कलम ६ मध्ये आहे. आधी तिकडे पळू नये.

२. जमीन मोजण्याची माझी जुनी साखळी आणि बँकेतील ठेव नात चिन्मयी हिला. साखळीचा तिने झोपाळा केला तरी माझी हरकत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शेजारी रुपराव यांनी पाहावी.

३. बॅगा. मला रोज लागणारी पिशवी एकच, पण ती सापडेपर्यंत घरात बऱ्याच जमल्या. त्यांची वाटणी अशी.

खादीची शबनम माझे मेहुणे चंपतराव यांस. तिचा पट्टा स्कूटरच्या ब्रेकमध्ये अडकून मी एकदा महाल भागातल्या जिलबीच्या दुकानात स्कूटरसह शिरलो होतो. चंपतराव स्कूटर चालवतात, म्हणून मुद्दाम त्यांना. माझी छत्री नेली ती त्यांनी अजून परत केलेली नाही.

पाठीवरची मोठी सॅक रुपरावांना. जंगलात ती ठीक होती, पण महालातल्या गल्लीत मी वळलो की मागे कोणाचे तरी काहीतरी पडायचे. रुपराव घराबाहेर पडत नाहीत, त्यामुळे लोकांना धोका नाही.

पुष्करने वाढदिवसाला दिलेली महागडी काळी बॅग पुष्करलाच. तिच्यात पाणी शिरत नाही हे खरे, पण हवाही शिरत नाही. मी ठेवलेला कांदा तिच्यात कुजला आणि एका लग्नाच्या मांडवात माझ्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

४. कांद्याविषयी. उन्हाळ्यात बाहेर पडताना जवळ कांदा ठेवला म्हणजे ऊन लागत नाही. नागपुरात हे कोणाला सांगावे लागत नाही. पुष्कर पुण्यात शिकला म्हणून लिहितो. माझ्या खिशात कांदा माझी बायको प्रमोदिनी ठेवायची. ती गेल्यापासून मीच ठेवतो. आपला कांदा आपणच ठेवताना फार एकटे वाटते. हे एकदाच लिहितो, पुन्हा कोणी विचारू नये.

५. खरी पिशवी. महालात स्कूटरच्या सीटची कव्हरे शिवणारे बाबाराव यांच्याकडून ती मी शिवून घेतली. ट्रकवर घालतात त्या जाड कापडाची, वीतभर रुंद, खांद्यावरून तिरपी घेतली की छातीशी बसणारी. मला चेन हवी होती. बाबाराव म्हणाले, "काका, धूळ गेली का चेन अटकते. बकल लावून देतो तुमाले." बकल एका हाताने उघडते. आत पाण्याची बाटली, उन्हात डोक्याला बांधायचा दुपट्टा, चष्मा आणि पाखरे पाहायची दुर्बीण बसते. भाजीबाजारात ती गळ्यात असली तर कोणी वळून बघत नाही आणि गोरेवाड्याच्या जंगलातल्या काटेरी झुडपांत ती फाटत नाही. बाहेरून कांद्याचा कप्पा आहे, त्याला हवेसाठी भोके आहेत.

६. अट. गेल्या महिन्यात महालात मला चक्कर आली आणि लोकांनी ई-रिक्षात घालून घरी आणले. सगळे म्हणतात, वय झाले. वस्तुस्थिती अशी की त्या सकाळी घरातले कांदे संपले होते आणि गार्गीने पोह्यांसाठी माझ्या पिशवीतला कांदा चिरला. पोहे उत्तम झाले होते, मी दोनदा घेतले. पण मी उन्हात कांद्याशिवाय गेलो, ते त्यामुळे. हे तिला सांगितले तर म्हणाली, "कांद्यानं का ऊन थांबते, बाबा? काहून हट्ट करून राहिले तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी पिशवी खुंटीवरून नाहीशी झाली. ती माळ्यावर गाद्यांमागे आहे. कप्प्यात वास मुरला आहे, त्यामुळे मला खाली उभ्यानेही कळते. परंतु शिडीदेखील नाहीशी झाली आहे.

घरात बसून राहिलो तर मी बरीच वर्षे जगेन असे पुष्कर म्हणतो. त्याला माझी काळजी आहे, हे मला कळते. पण खिडकीतून समोरच्या घराचा कूलर बघत काढायची वर्षे मला नकोत. मला रविवारी सकाळी गोरेवाड्याला जायचे आहे.

सबब, पिशवी येत्या रविवारी सूर्य उगवायच्या आत खुंटीवर न आल्यास कलम १ रद्द होऊन घर चंपतरावांस जाईल. त्यांना फोन केला आहे. ते काल येऊन पडद्यांची मापे घेऊन गेले.

या कागदाची एक प्रत फ्रिजला चिकटवली आहे.

सही: म. के. देशकर
साक्षीदार: १. सुशील वानखडे २. धम्मदीप मेश्राम
नागपूर, शुक्रवार, ९ मे २०२५

पुरवणी

आज पहाटे पिशवी खुंटीवर होती. बाटली भरलेली, दुपट्टा घडी करून ठेवलेला, आणि कप्प्यात नवा कांदा. तो मी ठेवलेला नव्हता. मी हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. गार्गी ओट्याकडे तोंड करून होती. वळली नाही, एवढेच म्हणाली, "पाहून काय राहिले, बाबा? निघा, ऊन चढते."

दारात पुष्कर बूट घालत होता. "नऊच्या आत वापस यायचं. मी येऊन राहिलो सोबत," असे त्याने सांगितले. त्याच्या गळ्यात ती काळी बॅग होती. तिची चेन त्याने अर्धी उघडी ठेवली होती, आतल्या कांद्याला हवा लागावी म्हणून.

आम्ही पावणेनऊला परत आलो. कलम १ बिनशर्त कायम. पडद्यांचे चंपतरावांना रुपरावांनी कळवावे, मला हसू आवरणार नाही. कलम ४ मधील एकटे वाटण्याविषयीचे वाक्य आजपासून रद्द समजावे.

सही: म. के. देशकर
साक्षीदार: पूर्वीचेच, सुशील वानखडे व धम्मदीप मेश्राम. दोघांनीही पोहे खाऊन सह्या केल्या.
नागपूर, रविवार, ११ मे २०२५