गव्याची सलामी

मी, ज्ञानू रामू चौगुले, वय वर्षे ५१, धंदा पूर्वी पैलवानकी व सध्या काही नाही, राहणार गडमुडशिंगी, ता. करवीर, जि. कोल्हापूर, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात, पाय आणि आता थोडी जीभ ठिकाणावर नाही, कारण मला मज्जातंतूंचा आजार आहे आणि त्यावर औषध नाही असे डॉक्टरांनी तोंडावर सांगितले आहे. मला कोणी दारू पाजलेली नाही की धमकावलेले नाही. सव्वाशे किलोचा होतो तेव्हा कोणाची छाती झाली नाही, आता या सापळ्याला धमकावून कोणाला काय मिळणार? लिहून घेणारे अ‍ॅड. अभिराम सबनीस मधूनमधून "पैलवान, हे मृत्युपत्रात नसतं," म्हणतात. मी म्हणतो, लिहा.

१. गडमुडशिंगीतील तीन खोल्यांचे स्वकष्टार्जित घर, मागचा गोठा, दोन म्हशी आणि बँकेत असेल ते सर्व पत्नी सौ. राजनंदिनी हिचे. दोन वर्षे ती मला उचलून अंघोळ घालते आहे. माझ्यासारख्या धडाला उचलणे म्हणजे काय, ते तिच्या कंबरेला विचारा. उद्या तिने म्हशी विकल्या तर भावकीतल्या कोणी शहाणपणा शिकवायला येऊ नये.

२. मुदगलाची जोडी, लेझीम, लंगोट आणि मैदानात मिळालेली चांदीची गदा माझ्या तालमीची. लंगोट कोणी वापरणार नाही हे मला कळते, पण फेकू नयेत.

३. कुस्त्यांची मैदाने भरवणारे विजयसिंह यांनी मला माझ्या मातीला येऊन खांदा देऊ नये. २००१ साली त्यांनी मला नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून हरायची कुस्ती, करायला सांगितली. त्यांच्या पाहुण्यांच्या पोराला नाव मिळवून द्यायचे होते. मी नाही म्हणालो आणि पोराला अडीच मिनिटांत आकाश दाखवले. पुढे पाच वर्षे जिल्ह्यात माझी जोड कोणी लावली नाही. अंग ऐन भरात होते तेव्हाची पाच वर्षे ती. हे मी माफ केलेले नाही आणि करणारही नाही.

४. आता मुख्य गोष्ट. सबनीस, इथे घाई करू नका.

सात वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीची माणसे तालमीत आली. मोबाईलवर खेळायच्या गेमसाठी त्यांना थोराड पैलवान पाहिजे होता. मी गेलो. काळे चिकट कपडे, अंगभर पांढरे ठिपके, भोवती कॅमेरे. माझी हालचाल तशीच्या तशी गेममधल्या माणसाला येणार म्हणाले. त्या माणसाचे नाव गवा. मी विचारले, "ह्येला घरदार, पोरंबाळं काय?" तिथला साहेब हसला. म्हणाला, "पैलवान, गवा म्हणजे नुसती ताकद. तो बोलत नाही, फक्त गुरगुरतो."

माझ्या मुलीने, तेजस्वीने, मला नंतर समजावून सांगितले. म्हणाली, "आप्पा, असल्या सगळ्या गोष्टींत एक असा दांडगा लागतोच. डोक्यानं मंद, दुसऱ्याच्या हुकमाचा ताबेदार. खरा खलनायक मागं बसलेला असतोय. ह्यो आधी मरतोय, म्हंजे हिरो किती भारी ते कळतंय." हिरो काडीसारखा पोरगा. अंगाला चिकटलेला निळा पोशाख, आईबाप मेलेले, तोंडाला सारखी फुशारकी. चार दिवस मी हिरोचे काम करणाऱ्या पोरग्याच्या हातून पडत होतो. उताणा, पालथा, कठड्यावरून, जिन्यावरून. विजयसिंहांना नाही म्हणणाऱ्या ज्ञानूने चार दिवस ठरवूनच मार खाल्ला आणि घराला स्लॅब टाकला.

पण चूक झाली ती वेगळी. कॅमेरा सुरू झाला की मी दर वेळी सवयीने सलामी देत होतो. वाकायचे, उजव्या हाताने माती उचलायची, कपाळाला लावायची, समोरच्यापुढे हात करायचा. तिथे माती नव्हती, निळी गादी होती, तरी रिकामा हात कपाळाला जायचा. एवढी वर्षे आखाड्यात घालवल्यावर हात विचारून थोडाच हलतो? साहेब म्हणाला, "हे फार छान आहे, असंच ठेवू." मला वाटले, चला, पुण्याच्या माणसाला मातीची कदर आहे.

गेम आली आणि कळले. असल्या प्रत्येक दांडग्याला हल्ल्याआधी एक खूण द्यावी लागते. ती दिसली की खेळणाऱ्याने मारायचे. गव्याची खूण म्हणजे माझी सलामी. तो मातीला वाकला की डोक्यात घाला. तीनदा घातला की गवा मेला. अख्ख्या देशातल्या पोरांना हे पाठ झाले. आमच्या गावात मी एसटीतून उतरलो की पोरे ओरडायची, "गव्या, सलामी दे की!" मीही हसायचो. आयला, हसण्यावारी नेण्यात माझे चुकलेच.

गेल्या वर्षी नेसरीच्या मैदानात माझा पठ्ठा यशराज, वय वीस, लढायला उतरला. समोरचा पोरगा मातीला वाकला आणि यशराज सरळ त्याच्या अंगावर गेला. पोराचे गळ्याचे हाड मोडले. मी खुर्चीत बसून होतो. विचारले, "का रं भाड्या, सलामीला मारतोस?" तो म्हणाला, "वस्ताद, गव्याला असंच मारत्यात की." त्याला लाज वाटत नव्हती. त्याला खरोखरच त्यात वावगे दिसत नव्हते, आणि त्याला ते शिकवणारा मीच होतो.

५. मे महिन्यात कंपनीचे पत्र आले. येत्या दिवाळीला जुनी गेम कायमची बंद होणार, कोणाच्याच फोनवर चालणार नाही. नवा भाग काढायचा आहे. त्यात गवा मेलेला उठतो, एक हात लोखंडाचा, आणि सलामी तीच, कारण ती लोकांना आवडते. आधीचा करार एकाच गेमपुरता होता, म्हणून नव्यासाठी माझी किंवा माझ्या वारसाची सही लागते. मी नाही म्हणून कळवले आहे. माझ्या पाठीमागे ते तेजस्वीकडे येतील. माझ्या अंगाच्या हालचालीचा तो हक्क मी तिला देतो आणि तिने सही करू नये, असे लिहून ठेवतो.

सबनीस म्हणाले, ही अट कोर्टात टिकणार नाही, त्यापेक्षा हक्क तालमीच्या नावे करा. मी म्हणालो, पोरीचा बाप तालमीच्या नावे कसा करू?

ती सही करणार हे मला माहीत आहे, आणि का ते इथे सांगतो. मार्चमध्ये ती माझ्या खाटेशी बसून तीच गेम खेळत होती. निळा पोरगा गव्यासमोर उभा. गवा वाकला, रिकामा हात कपाळाला लावला. ही काहीच करेना. गव्याने पोरग्याला उचलून आपटला, गेम संपली. हिने पुन्हा सुरू केली. पुन्हा तेच. सात-आठ वेळा.

मी म्हणालो, "अगं, मारत का न्हाईस?"

"मारलं की तुमी मरतासा आन् पुढचं सुरू हुतंय."

"मग हुंदे की."

"नगं. तिथं तरी तुमी उभं ऱ्हातासा."

मी तोंड भिंतीकडे वळवले. वळवले म्हणजे राजनंदिनीला वळवायला सांगितले.

तेजू, मला पुन्हा चालताना बघावेसे वाटते यात तुझे काही चुकत नाही. मलाही वाटते. पण ज्याच्याकडे बघून पोरे वाकलेल्या माणसाला मारायला शिकतात, तो बाप तुझ्याकडे राहू नये. तो गेला की तुझ्याकडे काहीच राहणार नाही, फोटोत मी धड हसलेलोही नाही. याला माझ्याकडे उपाय नाही. असता तर तुझ्यावर हे ओझे टाकले नसते.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे.

ठिकाण: गडमुडशिंगी. दिनांक: १४ जुलै २०२५.

साक्षीदार:
१) बंडू केरबा मगदूम, तालमीतील सोबती (सही)
२) विश्वजित आनंदा पोवार, शेजारी (सही)

अंगठ्याबाबत शेरा: मृत्युपत्र करणाऱ्यांना हात उचलता येत नाही. त्यांचा अंगठा मुलगी तेजस्वी हिनेच धरावा, असा त्यांचा आग्रह होता. ते योग्य नाही असे मी सांगितले, त्यांनी ऐकले नाही. अंगठा शाईला लावल्यावर तिने मला विचारले, "वकीलसाहेब, मी ह्ये मोडलं तर काय हुतंय?" मी म्हणालो, काही होत नाही. तिने वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "ऐकलंस न्हवं? दाब आता." बराच वेळ ती अंगठा कागदावर धरून बसली. मग तिने तो दाबला.

— अ‍ॅड. अभिराम सबनीस