कामाक्षीचा होकार

१० मार्च
गच्चीवर ऊन तापलं आणि आठवलं. एकाच खाटेवर वाळत घातलेले माझे गव्हाचे सरगुंडे आणि शेजारच्या कामाक्षीच्या तांदळाच्या कुरड्या. पोरं शाळेत. दोघी सावलीत पाय पसरून. ती तमिळमध्ये बोलायची, मी मराठीत, दुपार सरायची. रेल्वेतल्या नवऱ्यामागे नागपुरात आली, तो गेल्यावरही राहिली. मराठी आली नाही, हिंदीही नाही. आमचं कधी अडलं नाही.
आज तिने माझा हात धरून छातीवर ठेवला. लिंबाएवढी गाठ.

१४ मार्च
मोठा दवाखाना. रांगेत पाय सुजले. डॉक्टर मुलगी गोड, पण सगळं मलाच विचारते. "दुखतं का? कधीपासून?" मला काय ठाऊक.

२१ मार्च
कॅन्सरच. स्तन काढावा लागेल. "आंटी, तुम्हीच समजावा." आमच्या भाषेत नळ आला, दूध नासलं, पोराला ताप, एवढंच आहे. चेन्नईला तिच्या नातीला, वैदेहीला, फोन करून इंग्रजीत सांगितलं. रडायलाच लागली. "पाटीला मी हे कसं सांगू, आंटी?" पाटी म्हणजे आजी.
शेवटी मीच. छातीवर हात, मग काढून टाकल्याची खूण. माझीच मला लाज वाटली. कामाक्षी बघत राहिली. मग उठून केस विंचरायला बसली.

२४ मार्च
मी औषधाच्या खिडकीशी. तेवढ्यात सिस्टरने तिला विचारलं, ऑपरेशन करायचं ना? हिने तमिळ लोक होकाराला डोलावतात तशी मान डोलावली, डावी-उजवीकडे. झालं. कागदावर नकार, ऑपरेशनची तारीख दुसऱ्या पेशंटला.
मी सिस्टरशी भांडले.
"मावशी, मी डोळ्यानं पाहिलं ना! नाही म्हणून राहिली होती ते. काहून खोटं लिहीन मी? उद्या तुम्हीच म्हणान, मले न इचारता कापलं."
डॉक्टर आली. "आंटी, हो म्हणाल्या, खात्री आहे?"
आहे, म्हटलं.
परतताना ऑटोत मनात आलं, आणखी चहा घेतेस का म्हटलं की ती अशीच मान हलवते. मी आपली ओतत आले. तिला तो कधी हवा होता का, कोण जाणे.

२९ मार्च
नवी तारीख मिळाली. वैदेही सावरली, आजीशी तासभर बोलली. मग मला म्हणाली, "पाटी म्हणते, अक्का सांगेल तसं."
अक्का म्हणजे मी. हे ओझं फिरून माझ्याच...
जेवले नाही.

२ एप्रिल
उद्या भरती. वैदेहीची गाडी सकाळी पोचेल. संध्याकाळी कामाक्षीने कपाट उघडून एकेक वस्तू दाखवली. मला कळलं तसं लिहिते, चुकलं तर वैदेहीने सुधारावं.
कुड्या वैदेहीला.
पितळी कॉफी फिल्टर मला. (नको म्हटलं, हातात कोंबला.)
देव वैदेहीनेच न्यायचे, समईसकट.
शिलाई मशीन खालच्या भाडेकरणीला.
हिरवी रेशमी साडी: बोट आधी स्वतःकडे, मग दाराकडे. घरी येताना नेसायला, की... दोनदा विचारलं. इस्त्री करून ठेवायची आहे, एवढं कळलं.