हिरवा टिळा

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवारपासून लिहायचं टाळतोय. वही उघडली, पेनाचं टोपण चावलं, वही मिटली. काल तर लिहायला बसलो आणि पंखा का कुरकुरतो ते बघायला स्टुलावर चढलो. पंखा नीट झाला. लिहिलं काहीच नाही.

आज लिहितो. वकील अजून सापडला नाही.

वकील म्हणजे बैल. मानपाड्याच्या दौलतशेठचा, शर्यतीचा. लहानपणी कुणी दावं ओढलं की उलट हंबरायचा, वाद घातल्यासारखा, म्हणून हे नाव. शनिवारी त्याचा वाढदिवस होता. मांडव, बॅनर, डीजे, केक. लाइटला आम्ही दोघं – कमलेशदादा आणि मी. दादा मोठे लाइट बघतो, मी हातातले. बोटाबोटाला लेझर असलेले काळे हातमोजे, आणि हिरव्या लेझरची नळी, बॅटरीसारखी, उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली. हळदीला नवरदेवाच्या मागे मी हेच घेऊन नाचतो. बाकी कुठलं काम माझ्याकडून टिकलं नाही. हे टिकलं, कारण एका जागी उभं राहावं लागत नाही.

वकील शांत होता. डीजेलापण हलला नाही. पोरं म्हणाली, सुशांत, टिळा लाव ना त्याला, लेझरचा. दौलतशेठपण हसत म्हणाले, लाव लाव. मी नळी धरली. हिरवा ठिपका बरोबर कपाळाच्या मधोमध! टाळ्या, शिट्ट्या, सगळ्यांचे मोबाइल वर. मला भारी वाटलं. तेवढ्यात कुणीतरी शाब्बास म्हणून पाठीवर थाप मारली आणि ठिपका घसरला. डाव्या डोळ्यात.

वकिलाने मान झटकली. खुंटा उपटला, मांडवाचा लाल पडदा शिंगावर घेतला आणि केकवरून गेला. कुणाला लागलं नाही. पण तो गेला.

नळीवर स्टिकर आहे – डोळ्यात मारू नका. इंग्रजीत आणि चिनीत. मराठीत असता तरी मी वाचला असता का?

१९ नोव्हेंबर

दिसला! कंपन्यांच्या मागच्या झाडीत. एका वॉचमनने फोन केला. सगळं गाव बाइकवर तिकडे. खरंच उभा होता, शिंगाला पडद्याची चिंधी, आमच्याकडे तोंड करून. पोरं ओरडली – ए वकील! वकील! – आणि तो जो सुटला! शर्यतीतपण एवढा पळाला नसेल.

परत आलो तर रंगूबाई ओट्यावर. शेठची आई. गुडघे गेलेत, चालता येत नाही, पण वकिलाचा चारापाणी अजून तिच्याच हातचा. तिला सांगितलं, किती हाका मारल्या आजी, थांबलाच नाही. तिने आम्हा सगळ्यांकडे असं बघितलं, जसं शाळेत मास्तर माझ्याकडे बघायचे.

"हाका कशाला मारल्या रं? हाक आयकली का तो पलतो. तसाच शिकवलाय ना तुमी त्याला."

शर्यतीला हेच करतो ना आपण. सुटताना ओरडतो, शेवटपर्यंत ओरडत राहतो. आता त्याच्यासाठी आपला आवाज म्हणजे पळ.

मग हरवलेल्याला बोलवायचं कसं?

२१ नोव्हेंबर

शिळफाट्याला ट्रकखाली बैल आला म्हणून फोन. धावत गेलो. दुसऱ्या कुणाचा होता. मी बरं झालं म्हणालो. नंतर लाज वाटली.

२३ नोव्हेंबर, रविवार

कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला, खडवलीला नदीवर बैल, शिंगाला लाल काहीतरी. एवढ्या लांब जाईल का तो? तरी गेलो. स्टेशनवरून नदीकडे निघालो तर मैदानात टेनिस बॉलच्या मॅच चाललेल्या. एक डावखुरा पोरगा काय मारत होता! फक्त एक ओव्हर बघू म्हटलं. फायनल संपली तेव्हा आठवलं मी कशाला आलोय.

नदीवर बैल होता. शिंगं लाल रंगवलेली, मालक त्याला धूत होता. वकील नव्हता. मी जरा लवकर गेलो असतो तरी नव्हताच. पण हे मला आधी कुठे माहीत होतं?

आईला सांगितलं तर म्हणाली, तुला मी दूध आणायला पाठवायचे, तू पतंग घेऊन यायचास. हसली नाही मात्र.

२५ नोव्हेंबर

कमलेशदादाचा फोन. ठाण्याला हळद आहे, ये. म्हटलं, नाही येत. म्हणाला, अरे बैलासाठी तू किती दिवस सुतक पाळणार? मोजे बॅगेतून काढले, घातले, बटण नाही दाबलं. परत ठेवले.

दौलतशेठकडे गेलो. वाटलं होतं आज तरी शिव्या घालतील, चार चापटी मारतील. चहा दिला. म्हणाले, "हौस माझी होती, सुशांत. तुझा फक्त हात होता." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाले, आता शोधायला पोरं येत नाहीत, कामधंदे आहेत सगळ्यांना.

रंगूबाईने आतून घमेलं सरकवलं. पेंड आणि भरडा, पाण्यात कालवलेला. म्हणाली, ह्याचा वास आणि घमेल्याचा आवाज त्याला ठावा हाय. गोठ्यामागं शेताच्या बांधावर बस. घमेलं हालव आणि गप ऱ्हा.

म्हटलं, आजी, मला बसता येत नाही.

"ठावा हाय. म्हनून तर तुला सांगते."

२६ नोव्हेंबर

बसलो. सकाळपासून. पाठीला मुंग्या, पायाला डास. समोर बिल्डिंगची क्रेन फिरते, ती बघत राहिलो. मग एक मुंगूस. मुंगसामागे थोडं गेलो. परत आलो. घमेलं हलवलं. काही नाही.

२७ नोव्हेंबर

काही नाही. पेंड रोज ताजी. म्हातारी पहाटे उठून कालवते, बसल्या बसल्या. मी कोपरच्या घरून येईपर्यंत तयार असते. एवढे दिवस त्याने काय खाल्लं असेल, हे ती विचारत नाही. मीपण नाही.

२९ नोव्हेंबर

शेठ आज येऊन मागे उभे राहिले. म्हणाले, पुरे कर. गोठ्यासाठी दुसरा बैल बघतोय मी. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हताच. मी घमेलं हलवत राहिलो. ते बराच वेळ तिथेच उभे होते.

उद्या वही घेऊन येतो बांधावर. हाताला काहीतरी काम पाहिजे, नाहीतर परत मुंगूस.

३० नोव्हेंबर, रविवार

मानेवर गरम श्वास. वळलो नाही. मी सरकलो, घमेलं मागे केलं.

वकील आलाय. हाडं दिसतात. चिंधी अजून शिंगाला. खातोय.

डाव्या डोळ्यासमोर हात नेला. पापणी हलली नाही. उजवीकडून नेला – हलली.

आतून रंगूबाई विचारते, "कोन आयलाय रं?"

मला ओरडून सांगता येत नाही.