विहिरीवाल्या कादंबऱ्या

१२ फेब्रुवारी १९७९

हिलाही विहिरीत घातली.

तीनशे बारा पानं. तीनशे दहापर्यंत बाई काय झकास चालली होती — दिराला उलट उत्तर देते, मळा एकटी सांभाळते, तलाठ्याला दारातूनच परत पाठवते. वाटलं, हा लेखक वेगळा दिसतो. कुठला वेगळा. शेवटी चांदणं पडलं. विधवेच्या अंगणात चांदणं पडलं की मी ओळखते, आता विहीर येणार. आलीच.

यंदाच्या नव्या पुस्तकांत विहिरीवाल्या दोन झाल्या. आश्रमवाली एक, क्षयवाली एक. पुस्तकांची नावं माझ्या ध्यानात राहत नाहीत, बाई कशी संपली त्यावरून मी ओळखते. वाचनालयातल्या निवृत्तीला म्हटलं, ही आश्रमवाली घे परत. तो म्हणतो, "सिंधुबाई, असं कोणी बोलतं का? लेखकाचं नाव सांगा." म्हटलं, लेखक सगळे एकच. घरी बायको जिवंत, भाकरी गरम. नवरा गेल्यावर बाई काय करते हे त्यांना कोण सांगणार? बाई आधी दोन दिवस झोप काढते. मी काढली होती. सासू म्हणाली, दुःखानं पडलीय बिचारी. मी घोरत होते.

१३ फेब्रुवारी

आज नवसाला शेवट वाचून दाखवायचा होता. हे कुठं लिहिलं नव्हतं, आज लिहिते.

नवसा शेजारच्या खोलीतली. देवळ्याकडची, बत्तीस वर्षांची, विड्या वळते. नवरा जाऊन दीड वर्ष झालं. तो गेल्यावर तिसऱ्या महिन्यात मी तिला मळ्यातल्या विहिरीच्या काठावर बसलेली पाहिली. भर दुपारी. जवळ घागर नव्हती.

म्हटलं, "ऊठ गं, मला एकटीला वाचायचा कंटाळा येतो. तू नुसती ऐक." तेव्हापासून ती दुपारी सूप मांडीवर घेऊन माझ्या ओट्यावर बसते. हात तंबाखूत, कान माझ्याकडे. आणि प्रत्येक बाईला ती आपलीच समजते. पुस्तकातली बाई जेवली नाही तर ही जेवत नाही.

तिला विहीर कशी वाचून दाखवू?

पान समोर धरलं आणि वाचलं — "मग ती उठली आणि सकाळच्या एस.टी.त बसली."

"मंग?"

"मग तालुक्याला जाऊन तिनं शिवणाचं मशीन घेतलं."

"मंग?"

"मग दीर आला. पाय धरले."

"धरले?"

"धरले. तिनं मागं घेतले."

नवसा विडीला दोरा बांधता बांधता हसली. "लेखक चांगला शे, आक्का." ती शे म्हणाली की मी तिला चिडवते, पण आज नाही चिडवलं. म्हटलं, लय चांगला आहे.

२ एप्रिल

क्षयवालीला मी मिरजेला पाठवून बरी केली. आश्रमवालीनं आश्रमातल्या बुवाला काठीनं झोडपलं. त्या दिवशी नवसाच्या शंभर विड्या जास्त झाल्या म्हणे.

९ जुलै

शाळेत संध्याकाळी मोठ्या बायांचा वर्ग निघाला. मीच नवसाला ढकललं. "जा, चार अक्षरं शिक, माझा घसा सुटेल." ती लाजत गेली. पाटीवर न काढून आणला. उलटा. म्हटलं, हा न पाणी प्यायला वाकलाय का?

२० ऑगस्ट

जीभ नसती तर बरं झालं असतं माझं.

नवसा म्हणते, "माले वाचता आलं ना, की पहिली शिवणमशीनवाली वाचीन. माझी माझी."

शिवणमशीनवाली! म्हणजे विहिरीवाली.

२२ ऑगस्ट

वाचनालयात जाऊन ती परत आणली. निवृत्ती म्हणाला, "वाचलेली दिसते तुमची." म्हटलं, लय आवडली.

ह्यांच्या दाढीच्या पात्यांची पाकिटं अजून पेटीत आहेत. एक पातं काढलं. शेवटचं पान शिवणीशी सरळ कापलं. सात वर्षांत ह्यांची वस्तू पहिल्यांदा कामी आली. मग हात लागलाच होता तर परत जाऊन बाकीच्याही आणल्या, त्यांचीही कापली. छापलेला कागद मला फेकवत नाही. तांदळाच्या डब्याखाली ठेवलीत पानं.

१५ सप्टेंबर

निवृत्तीचा संताप. "कोणीतरी शेवटची पानं कापतंय, सिंधुबाई. चार पुस्तकं! हात तोडले पाहिजेत."

म्हटलं, "लोकांना लाज म्हणून नाही."

१० नोव्हेंबर

दिवाळी अंक आला. शेवटून दुसऱ्या पानावर चौकटीत जाहिरात — आगामी कादंबरी. "एका निर्भय विधवेची धगधगती जीवनकहाणी." कोकणातली आहे म्हणे बाई.

धगधगती. म्हणजे ह्यानं विहीर सोडून काडी धरली का काय?

पण निर्भय लिहिलंय. अक्षर मोठं आहे. निवृत्तीला सांगून ठेवलं, आली की पहिली मला. माझ्या वयाच्या बाईला वाट बघायला दुसरं काय असतं — लेक रंगनाथ रविवारी येतो म्हणतो, ते एक, आणि हे एक. रंगनाथपेक्षा हा लेखक बरा, निदान छापून तरी कळवतो.

ह्यानं एक बाई तरी जिवंत ठेवावी. बास. नवसासाठी मी किती दिवस बनवून सांगू? मलाच बघायचंय एकदा, छापलेलं. मी स्वतः बनवलेलं नाही. दुसऱ्या कोणाला तरी वाटलं पाहिजे की आम्ही मागं राहिलो तर राहू शकतो.

१४ जानेवारी १९८०

संक्रांत. चाळीतल्या बाया वाण घेऊन माझं दार टाळून पुढं गेल्या. नवसाचंही. आम्ही दोघींनी ओट्यावर बसून सगळ्यांच्या साड्यांना नावं ठेवली.

३ मार्च

अक्षरांना मिशा फुटल्यासारखं दिसतं. दिव्याभोवती चक्र. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू, पण पिकला नाही अजून. पिकू द्या. आमच्या निफाडला द्राक्षं पिकायची वाट बघायचे, इथं माझ्या डोळ्याची बघा.

रंगनाथ अंबडहून आला, कारखान्यातून परस्पर. म्हणाला, "आई, आता वाचन पुरे. नामस्मरण करत जा, त्याला डोळे लागत नाहीत."

तो गेल्यावर नवसाला म्हणाले, "डोळे गेले तर मी तरी कशाला राहू?" तिच्या हातातली विडी तशीच राहिली. नको होतं बोलायला. तिच्याशी तर नकोच.

१९ जून

आता मी वाचते कमी आणि बनवते जास्त. नवसा मध्येच म्हणते, "आक्का, पान उलटलं नाय तू." पोरगी हुशार झाली. मला भीती वाटते.

११ ऑगस्ट

झालं.

तांदळातले किडे मला दिसत नाहीत म्हणून नवसाला निवडायला बोलावलं. तिनं डबा उचलला. माझ्या ध्यानातच राहिलं नाही! पानं तिच्या हातात. मला वाटलं, रद्दी समजून ठेवील. पण तिनं बोट ठेवलं आणि वाचायला लागली. मोठ्यानं, वर्गात वाचतात तसं.

"वि-हि-री-च्या... का-ठा-वर... ति-नं... पा-टल्या... का-ढून... ठेव-ल्या."

मी म्हटलं, "ठेव गं ते, जुनं आहे."

"आक्का, ही कोण?"

"कोणी नाही."

"ही शिवणमशीनवाली शे."

चारही पानं वाचली. मी मध्ये थांबवू शकले नाही. एकेका अक्षरावर तिचं बोट सरकत होतं आणि बाया मरत होत्या, सावकाश. एवढ्या सावकाश त्या लेखकांनीही मारल्या नव्हत्या.

मग म्हणाली, "माले अडाणी समजून खेळवलं तू. मी दीड वर्ष त्या मशीनवालीला आठवून उठते रोज सकाळी. आणि ती कवाच मेलेली."

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझी जीभ. चेष्टेत म्हटलं, "मेलेलीनं तुला जगवलं ना? तिचा काय तोटा झाला?"

तिनं निवडलेले तांदूळ डब्यात भरले. झाकण लावलं. निघून गेली.

१२ ऑगस्ट

आली नाही.

२५ ऑगस्ट

तिचं सूप तिच्या ओट्यावर. पाठ माझ्याकडे.

दुपारी दोनदा उठून बघून आले. ती दिसेपर्यंत मी दारातून हलत नाही. विहिरीकडं जाणारी वाट माझ्या खिडकीतून दिसते. धूसर दिसते, पण माणूस हललं की कळतं.

७ सप्टेंबर

आज ती वाटेनं गेली. मी अनवाणी मागं. ती वळली — काखेत घागर. मला बघून थांबली. म्हणाली, "पाण्याला चाललेय." बस, एवढंच. मी परत आले. दम लागला होता. पण घागर होती.

१८ डिसेंबर

निर्भयवाली आली! निवृत्तीनं कव्हर घालून माझ्यासाठी ठेवली होती. तीनशे चाळीस पानं. शाईचा वास येतो, एवढी नवी. घरी आणून उघडली. पहिली ओळ नुसती राखाडी. दुसरीपण.

वर्षभर वाट बघितली आणि आता पुस्तक आलंय तर डोळे नाहीत. लेखक असता तर म्हणाला असता नियती. मी म्हणते, च्यायला.

शेवटचं पान वास घेऊन कळत असतं तर बरं झालं असतं.

११ जानेवारी १९८१

ऑपरेशन झालं परवा. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात धुकं. अंदाजानं लिहिते. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील. असोत.

नवसा आली.

सूप घेऊन नाही, मोकळ्या हातानं. बाजेशी बसली. मग उशापासचं पुस्तक उचललं. "हीच का ती? जाहिरातवाली?"

"हीच."

"मी वाचते. पण ऐक, तू खोटं वाचलं. मी खरं वाचीन. जसं शे तसं. मेली तर मेली."

म्हटलं, "मेली तर मेली."

२७ जानेवारी

पंधरा दिवसांत एकशे दहा पानं. जोडाक्षर आलं की नवसा थांबते, श्वास घेते, मग उडी मारते. "स्वातंत्र्य" ह्या शब्दावर आम्ही एक दुपार काढली. मी म्हटलं, मिळवायला पण असाच वेळ लागला होता.

बाई मात्र जोरात आहे. दिरावर फिर्याद केली तिनं. नवसा वाचता वाचता मांडी थोपटते.

१९ फेब्रुवारी

दोनशे नव्वद. लेखक आता समुद्राचं वर्णन फार करायला लागला. मला आवडत नाही. समुद्र म्हणजे मोठी विहीरच.

रंगनाथ येऊन गेला. नवसाला वाचताना पाहून म्हणाला, "अरे वा." आणि घड्याळ बघितलं.

६ मार्च

संपली.

नवसानं आज एका दमात वाचलं. कुठं थांबली नाही, अडखळली नाही. म्हटलं, पोरगी तयार झाली.

बाई जगली! दिराशी भांडून ती एस.टी.त बसली, माहेरी गेली, बापाच्या पडीक वावरात लाल कांदा लावला. लासलगावला गाडी भरून पाठवली. भाव बरा मिळाला. मग म्हैस घेतली.

मी म्हटलं, "नवसे, कोकणातल्या बाईचं माहेर लासलगावपाशी कुठून आलं?"

"माले काय माहीत? लिहिलंय तसं वाचलं."

लेखकाला भूगोलातलं काही कळत नाही. शेवटही घाईत उरकला, भाषा पार गावठी करून टाकली. पण जगवली हो! कुठंतरी एकानं जगवली. छापून. मी पट्टीखालून रडले, डॉक्टर ओरडतील. नवसा म्हणाली, "आता तू पण गप बस अन् जग."

२८ मार्च

चष्मा मिळाला. काचा बाटलीच्या बुडाएवढ्या जाड. पण अक्षर दिसतं, मिशा गेल्या.

पुस्तक परत द्यायच्या आधी म्हैस स्वतःच्या डोळ्यांनी बघावी म्हणून मागून उघडलं. तीनशे अडतीस. खाली शेवटची ओळ — "बाहेर टिपूर चांदणं पडलं होतं, आणि".

पुढचं पान नाही. कात्रीनं कापलंय, विडीची पानं कापतात तसं कडेला गोल. शिवणीत तंबाखूची भुकटी.

बाहेर आले. नवसा ओट्यावर, सूप मांडीवर. वर न बघता म्हणाली, "वाचलं का, आक्का?"

म्हटलं, "वाचलं. म्हैस चांगली निघाली तिची."