मामंजींच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम

भाऊजी,

सकाळी घर शांत होतं, तेवढ्यात मामंजींचा तो हातात मावणारा जुना कॉम्प्युटर टिंग करून वाजला. आजोबा बोलणार म्हणून तिलेक हातातला नान टाकून धावला. पडद्यावर नवी सिस्टीम, रंगीत चित्रं, आणि आत काहीच नाही.

"वहिनी, म्हाताऱ्या घोड्यावर नवं खोगीर चढवतोय," म्हणून काल हसत होतात. खोगीर चढवलंत आणि घोडा घालवलात. जुनं सगळं पुसू का, असं त्याने विचारलं असेलच. तुम्ही न वाचता हो म्हणालात.

मामंजींनी शेवटच्या आजारपणात सात पिढ्यांच्या पूर्वजांची नावं त्यात स्वतःच्या आवाजात बोलून ठेवली होती, नातवाने पाठ करावीत म्हणून. तुमच्या दादांना चार येतात, तुम्ही तिसऱ्यालाच अडखळता. मी पडले सून. सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं मी ओठांवर आणत नाही, इथे लिहिणारही नाही. माझ्या वतीने ते यंत्रच बोलायचं.

आता त्याला हात लावू नका. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. त्याच्याने नाही जमलं तर कोचकोर गावी थोरल्या काकांकडे जा आणि साती नावं पाठ करूनच परत या. आवाज मात्र तिथे मिळणार नाही.

शेवयांचं लाग्मान झाकून ठेवलंय. राग तुमच्यावर आहे, तुमच्या पोटावर नाही.

मी कामाला निघालेय. तिलेक दारात बूट चढवता चढवता विचारतोय, "आई, यंत्र बोलत नाही तर तू सांग ना, आजोबांचं नाव काय होतं?"